खडा वेगळा, सोने वेगळे

लग्नसराई जवळ आली की आमच्या तेरखेड्यातून धाराशिव, बार्शी आणि सोलापूरच्या सराफ बाजारात फेऱ्या सुरू होतात. पूर्वी किती तोळे घ्यायचे हे घरातून निघतानाच ठरलेले असे. आता मुलगी मोबाईलमधला फोटो पुढे करते. त्यात हिरव्या पाचूचा हार असतो, फिकट गुलाबी खड्याची अंगठी असते, नाहीतर मोत्यांच्या पदरात ओवलेले माणकाचे मणी असतात. ‘अम्मी, मला असाच सेट हवा,’ असे ती म्हणते आणि अब्बा मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करू लागतात.

वाचक भगिनींनो, या विषयावर मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. नव्या दागिन्यात रंगीत खडे घ्यावेत का? आणि दादी-नानीचा जुना जडावाचा दागिना मोडून नवा करावा का? दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे. खडे जरूर घ्या, जुना दागिना लागलेच तर मोडाही. पण त्याआधी खड्याचा हिशोब आणि सोन्याचा हिशोब वेगवेगळा लिहून घ्या. हे दोन हिशोब एकत्र झाले की नुकसान ठरलेले. आणि ते नुकसान बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या मालमत्तेचे असते.

रंगीत खड्यांची हौस एवढी का वाढली, त्याची कारणे साधी आहेत. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला. तेवढ्याच पैशात गळा भरलेला दिसावा म्हणून सोने कमी आणि खडे जास्त, अशी घडण होऊ लागली. दुसरीकडे प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे स्वस्त झाले. हिरा पूर्वीसारखा दुर्मीळ वाटेनासा झाला, म्हणून हौशी गिऱ्हाईक माणिक, पाचू आणि नीलमाकडे वळले. शिवाय जुन्या घाटाच्या दागिन्यांची ओढ आहेच. १९८१ साली डायनाला साखरपुड्यात श्रीलंकेच्या नीलमाची अंगठी मिळाली होती. तीच अंगठी २०१० साली तिच्या होणाऱ्या सुनेच्या बोटात आली आणि जगभर निळ्या खड्याच्या अंगठ्यांची मागणी वाढली. आपल्याकडे हीच ओढ कुंदन, पोलकी आणि जडावाच्या रूपाने दिसते.

आपल्या मातीतले खडे

रत्ने म्हणजे राजेरजवाड्यांची आणि परदेशातली गोष्ट, असे आपल्याला वाटते. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी जगाच्या व्यापाराच्या नकाशावर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रव्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही बाजारपेठांची नावे आहेत. तेरहून कापड आणि पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जात आणि तिथून जहाजाने पुढे रोमन जगात पोहोचत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तूंबरोबर जुने मणीही पाहायला मिळतात. मुलांची सहल काढायची असेल तर लांब जायला नको.

हा अकीक येतो कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन दख्खनचा काळा खडक तयार झाला. त्या खडकात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यातून आलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरावर थर साचत गेली. त्यातून अकीक तयार झाला. विहीर खणताना किंवा खाणीत दगड फोडताना आत चमकणारे स्फटिक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ते याच कुळातले.

अकीकाच्या कामात खंभात शहराचे नाव आजही मोठे आहे. तिथला कच्चा दगड भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या परिसरातून येत असे. रतनपूरला हबशी बुजुर्ग बाबा गोर यांचा दर्गा आहे. अकीक काढण्याची आणि भाजण्याची कला त्यांनीच वाढवली, असे तिथल्या सिद्दी समाजाची आणि कारागिरांची परंपरा सांगते. करड्या-पिवळ्या रंगाचा दगड उन्हात वाळवून मडक्यात मंद आचेवर भाजला की त्यातल्या लोहाचा रंग बदलतो आणि दगड लालसर नारिंगी होतो. म्हणजे खड्याचा रंग उष्णतेने सुधारण्याची रीत नवी नाही, ती फार जुनी आहे. फक्त ती गिऱ्हाईकाला सांगायची की लपवायची, यात इमानदारीचा प्रश्न येतो.

निजामाचा खजिना आणि आपल्या घरची पेटी

१९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले होते. निजामाच्या खजिन्यातले १७३ दागिने भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. ते आज रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांची प्रदर्शने भरली आहेत. त्यात जेकब हिरा आहे, कोलंबियाचे पाचू आहेत, बर्माची माणके आहेत आणि बसराच्या मोत्यांचा सातपदरी सतलडा आहे.

त्या दरबाराची सावली आपल्या घरांवरही पडली. मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लिम घरांत सतलडा, चिंतक, करणफूल, झुमर, काळ्या पोतीचा लच्छा अशी नावे अजून ऐकू येतात. खानदानी घरात त्यांत खरे मोती आणि पाचू असत. सामान्य घरात तोच घाट काचेच्या खड्यांत केलेला असे. दोन्ही दागिने आज तितकेच जुने आहेत आणि पेटीत जवळजवळ सारखे दिसतात. म्हणूनच ‘दादीचे आहे, म्हणजे खरेच असणार’ हे गृहीत धरू नये. ‘सोनार म्हणाला काचा आहेत, म्हणजे काचाच’ हेही न तपासता मान्य करू नये.

जडावाच्या कामात तर फसगत सहज होते. सोन्याच्या पोकळ कोठीत लाख भरतात, तिच्यावर चकचकीत पत्रा ठेवतात, त्यावर खडा बसवतात आणि शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा कडेने दाबून कोंदण करतात. खड्याखालच्या पत्र्याला रंग दिला की फिकट खडाही गडद दिसतो. समोरून पाहून खड्याचा खरा रंग सांगता येत नाही.

याकूत, लाल आणि अल-बिरूनी

आमचे गाव शोभेच्या दारूसाठी ओळखले जाते. आकाशात उडणाऱ्या बाणाला लाल रंग स्ट्रॉन्शियममुळे येतो आणि हिरवा बेरियममुळे. खड्यांतही रंगाचा खेळ धातूंचाच आहे. माणिक, म्हणजे उर्दूतला याकूत, आणि नीलम ही खरे तर सख्खी भावंडे आहेत. दोन्ही एकाच खनिजाची, ज्याला आपण कुरुंद म्हणतो. शुद्ध कुरुंद बिनरंगी असते. त्यात किंचित क्रोमियम आले की माणिक होते. लोह आणि टायटॅनियम आले की नीलम. पाचू, म्हणजे जमुर्रद, हा वेगळ्या खनिजाचा. त्याला हिरवा रंग क्रोमियममुळे किंवा व्हॅनेडियममुळे येतो. फिरोज्याचा आकाशी रंग तांब्यामुळे असतो.

आता गंमत पाहा. उर्दू शायरीत बदख्शाँच्या ‘लाल’ची वारंवार तारीफ येते. हा लाल म्हणजे माणिक नव्हे, तो स्पिनेल नावाचा वेगळा खडा. रंगाने दोन्ही इतके सारखे की भल्याभल्यांची गफलत झाली. ब्रिटनच्या राजमुकुटात बसवलेले, ‘ब्लॅक प्रिन्स’चे माणिक म्हणून प्रसिद्ध असलेले रत्न प्रत्यक्षात स्पिनेल आहे. पण अकराव्या शतकातल्या अल-बिरूनी या आलिमाला हा फरक ठाऊक होता. रत्नांवरच्या आपल्या किताबात त्याने याकूत आणि लाल वेगळे सांगितले. शंकूच्या आकाराचे एक पात्र वापरून, खड्याने किती पाणी बाजूला सारले ते मोजून, त्याने निरनिराळ्या रत्नांची तुलनात्मक वजने काढली. सारख्या आकाराचे दोन खडे घेतले तर याकूत लालपेक्षा जड भरतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, मोजून पाहा, हा धडा हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि सराफाच्या दुकानात आजही तेवढाच उपयोगी आहे.

१९०२ मध्ये ऑगस्ट व्हर्नेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. ते काच नव्हते. खऱ्या माणकाचेच खनिज होते, फक्त जमिनीत न घडता कारखान्यात घडलेले. त्यामुळे शंभर वर्षांच्या जुन्या अंगठीतही कृत्रिम माणिक सापडू शकते. मोत्यांचेही तसेच. जपानमधले संवर्धित, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेले मोती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आले आणि आखाती देशांचा नैसर्गिक मोत्यांचा धंदा बसला. हे मोती एकेकाळी मोठ्या प्रमाणात मुंबईच्या बाजारात येत. आज हैदराबादच्या पत्थरगट्टीत मिळणारे बहुतेक मोतीही संवर्धितच असतात. ते वाईट नाहीत, छान दिसतात. पण त्यांना बसराच्या मोत्यांचा भाव देऊ नये.

दुकानातल्या शब्दांचे अर्थ

आज बाजारात येणारे पाचू बरेचसे झांबियाचे असतात आणि माणके मोझांबिकची. मोझांबिकमधल्या माँटेप्युएझची मोठी खाण २००९ साली सापडली. खड्यांना पैलू पाडण्याचे काम जयपूरला मोठ्या प्रमाणावर चालते. दुकानात विक्रेता जे शब्द वापरतो, त्यांचे अर्थ आपल्याला माहीत असले पाहिजेत.

‘नॅचरल’ म्हणजे जमिनीतून निघालेला. पण नॅचरल खड्यावरही काही प्रक्रिया झालेली असू शकते. ‘हीटेड’ म्हणजे रंग खुलवण्यासाठी तापवलेला. माणिक आणि नीलमात हे सर्रास चालते आणि बाजाराला ते मान्य आहे. मात्र न तापवलेल्या उत्तम खड्याचा भाव कितीतरी जास्त असतो. पाचूच्या बारीक भेगांत तेल मुरवतात. तेही चालते, पण सांगून. ‘ग्लास फिल्ड’ म्हणजे भेगा काचेने भरलेले माणिक. हे फार स्वस्त असते आणि नाजूकही. लिंबाच्या रसानेसुद्धा त्यातली काच खराब होते. ‘लॅब-ग्रोन’ किंवा ‘सिंथेटिक’ म्हणजे कारखान्यात घडलेला, पण खनिज तेच. ‘इमिटेशन’ म्हणजे नुसता दिसायला तसा: काच, प्लास्टिक किंवा रंगवलेला दुसराच दगड. फिरोजा आणि पोवळ्यात अशी रंगरंगोटी पुष्कळ होते.

यातला कोणताही खडा घेणे गैर नाही. काचेच्या खड्याचा दागिनाही हौसेने घालावा. काचेची किंमत देऊन काच घेतली तर त्यात फसवणूक कुठे आहे? प्रश्न फक्त माणकाची किंमत देऊन काच घेण्याचा आहे.

खडा मोठा आणि महाग असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी या नावाने ओळखली जाणारी जयपूरची प्रयोगशाळा अशी तपासणी करतात. खडा कोणता, नैसर्गिक की कृत्रिम आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे दाखल्यात लिहिलेले असते. खडा दागिन्यात बसवण्याआधी सुटा तपासला तर उत्तम, कारण कोंदणात बसल्यावर त्याची मागची बाजू दिसत नाही. लहानसहान खड्यांसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. तिथे पावतीवर स्पष्ट लिहून घेणे पुरेसे.

पावती कशी वाचावी

‘कॅरेट’ हा शब्द इथे घोटाळा करतो. तो अरबीतल्या ‘कीरात’ या शब्दाशी नाते सांगतो आणि त्याचे दोन अर्थ आहेत. सोन्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे शुद्धता. २४ भागांपैकी २२ भाग सोने असेल तर २२ कॅरेट, ज्यावर ९१६ ची खूण असते. १८ भाग असेल तर १८ कॅरेट, म्हणजे ७५०. खड्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. काही ठिकाणी खडे रत्तीत मोजतात. रत्ती म्हणजे आपली गुंज. पण खड्यांच्या बाजारात रत्तीचे वजन दुकानागणिक बदलते. म्हणून वजन कॅरेटमध्येच लिहून मागा.

आता एक उदाहरण करू. हिशोब सोपा जावा म्हणून २२ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. काट्यावर एक हार ४० ग्रॅम भरला. त्यात खडे, मोती आणि लाख मिळून ११ ग्रॅम. म्हणजे निव्वळ सोने २९ ग्रॅम, किंमत २,९०,००० रुपये. पण दुकानदाराने पूर्ण ४० ग्रॅमला सोन्याचा भाव लावला तर होतात ४,००,००० रुपये. एक लाख दहा हजार रुपये लाखेचे आणि खड्यांचे, तेही सोन्याच्या भावाने! वर घडणावळही ४० ग्रॅमवर लावली असेल तर तोटा आणखी वाढला. तोच हार पाच वर्षांनी मोडायला नेला की काटा उलटा फिरतो. तेव्हा खडे काढून टाकतात, लाख वजा करतात आणि फक्त २९ ग्रॅमचे पैसे हातात ठेवतात, त्यातूनही घट कापून. घेताना खडा सोन्याच्या भावात आणि देताना खडा शून्यात, असे होऊ द्यायचे नसेल तर त्याची काळजी खरेदीच्या दिवशीच घ्यावी लागते.

म्हणून पावतीवर या गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात: एकूण वजन, खडे-मोती-लाखेचे वजन, निव्वळ सोन्याचे वजन, सोन्याची शुद्धता, घडणावळ. त्याखाली खड्यांचे नाव, संख्या, कॅरेटमधले वजन, नैसर्गिक की कृत्रिम, आणि त्यांची किंमत. ‘स्टोन चार्जेस’ एवढे दोन शब्द लिहून खाली एक रक्कम टाकलेली पावती पुरेशी नाही. दागिना परत घेताना दुकानदार खड्यांचे काय देणार, हेही त्याच पावतीवर लिहून घ्या. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात येतो, खड्यांचा येत नाही. त्यामुळे खड्याबाबत जे काही लिहून घेतले असेल तेवढाच आपला आधार.

हॉलमार्कचेही समजून घ्या. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक टाकून पाहता येतो. पण हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची खात्री देतो. खडा खरा की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे जिथे घोटाळ्याला सर्वांत जास्त वाव, तिथेच सरकारी खूण असण्याची सक्ती नाही. अशा वेळी लेखी पावतीला पर्याय नाही.

जुना दागिना मोडण्याआधी

माझ्या ओळखीच्या एका घरात दादीचे चिंतक मोडून मुलीसाठी बांगड्या केल्या. खडे सोनाराने कागदाच्या पुडीत बांधून परत दिले. पुडी कपाटाच्या खणात ठेवली गेली आणि एका दिवाळीच्या सुट्टीत साफसफाईत कचऱ्यात गेली. ते खडे काचेचे होते की पाचूचे, हे आता कोणीच सांगू शकत नाही. घरात कोणाची चूक नव्हती. हा प्रश्न विचारायचा असतो हेच कोणाला माहीत नव्हते.

जुना दागिना मोडायचा ठरला तर आधी दोन्ही बाजूंनी त्याचे स्वच्छ फोटो काढा. किमान दोन जाणकारांना दाखवा, त्यातला एक खड्यांचा व्यापार करणारा असावा. मोठे खडे असतील तर तपासून घ्या. खडे आच लावण्याआधी काढून मागा. सोनाराच्या ज्योतीने मोती जळतो, पोवळे खराब होते आणि पाचूला तडा जातो. खडे आपल्यासमोर मोजून, पुडीवर संख्या लिहून घ्या.

आणखी एक बाब. जुन्या कागदावर ‘पाच तोळे’ असे लिहिलेले असेल तर ते आजचे ५० ग्रॅम नव्हेत. जुना तोळा १२ माशांचा, ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅमहून थोडे जास्त. आता बाजारात बोलताना दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. हा फरक लक्षात न ठेवल्यास आठ ग्रॅमचा हिशोब हरवतो.

आणि मोडायलाच हवे का, हाही विचार करा. आज शहरातली नामवंत दुकाने नवा दागिना मुद्दाम जुन्या घाटाचा करून जास्त घडणावळ घेतात. आपल्या पेटीतला खराखुरा जुना दागिना आपण सोन्याच्या भावात वितळवतो. सुटलेला खडा बसवून, लाख नवी भरून, पदर पुन्हा ओवून अनेक दागिने वापरात येतात. असा दागिना पाण्यात बुडवून धुऊ नका, खड्याखालचा पत्रा काळा पडतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा. मोती अत्तर लावून झाल्यावर घाला आणि वेगळ्या मऊ कापडात ठेवा. कठीण खड्यांनी त्यांच्यावर ओरखडे उठतात.

जकातीचा हिशोब

रमजान जवळ आला की हाच वजनाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने समोर येतो. घरच्या वापरातल्या माणिक, पाचू, मोत्यांवर जकात नाही. ते विक्रीसाठी ठेवलेले असतील तर मात्र आहे. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. इथला तोळा जुना, हे ध्यानात असू द्या. हनफी मसलकात वापरातल्या दागिन्यांच्या सोन्यावरही जकात आहे. कोकणातल्या आपल्या शाफई भगिनींसाठी नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांचा मसला वेगळा आहे.

समजा, पेटीतले सगळे दागिने ९५ ग्रॅम भरले आणि त्यात १२ ग्रॅम खडे-लाख आहे. निव्वळ सोने ८३ ग्रॅम. नुसत्या सोन्याचा विचार केला तर निसाब पूर्ण होत नाही. पण सोबत रोख रक्कम किंवा चांदी असेल तर हिशोब बदलतो. अशा वेळी आपल्या आलिमांना विचारा. मात्र विचारायला जाताना निव्वळ सोन्याचा आकडा हातात असू द्या. अंदाजाने सांगितलेल्या वजनावर आलिम तरी काय उत्तर देणार?

खड्याकडून काय मागावे

काही जण अंगठीतल्या खड्याकडून नोकरी, औलाद आणि तंदुरुस्ती मागतात आणि अशा खड्याला विक्रेता दुप्पट-तिप्पट किंमत लावतो. प्रेषित मुहम्मद (स.) चांदीची अंगठी वापरत आणि तिचा खडा हबशी होता, असे हजरत अनस (र.) यांच्या रिवायतीत येते. अंगठीत खडा घालण्यात हरकत नाही. पण नफा-नुकसान खड्याच्या हातात आहे असे मानणे आपल्या अकीद्यात बसत नाही. अकीकाच्या करामतीबद्दल ज्या रिवायती सांगितल्या जातात, त्या मुहद्दिसांनी कमजोर ठरवल्या आहेत. खडा आवडला म्हणून घ्या आणि खड्याचीच किंमत द्या. नशिबाची किंमत कोणत्याही दुकानात द्यायची नसते.

शेवटी घरातल्या पुरुषांनाही दोन शब्द. महरमध्ये दिलेला दागिना बायकोच्या मालकीचा असतो. त्याची पावती तिच्या नावाने असावी आणि तिच्याजवळ असावी. अनेक घरांत दागिना बाईच्या अंगावर असतो आणि कागद कोणाकडे आहेत हे तिला ठाऊक नसते. अडचणीच्या दिवशी, तलाक, वारसा किंवा आजारपणाच्या वेळी, हाच कागद तिच्या कामी येतो.

एवढे वाचून झाल्यावर एक काम करा. मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पाने घ्या आणि सहा रकाने आखा: दागिन्याचे नाव, कोणाकडून आला, एकूण वजन, निव्वळ सोने, खडे कोणते व किती, पावती कुठे ठेवली आहे. मुलीला सोबत बसवा आणि लिहायला तिलाच सांगा. वजन माहीत नसेल तिथे जागा रिकामी ठेवा आणि पुढच्या वेळी बाजारात गेल्यावर भरा. त्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोन भरवशाच्या माणसांकडे ठेवा. एका दुपारचे काम आहे, खर्च काहीच नाही.